क्लच भाऊंचा, गिअर माझा

गाडी शिकायच्या आधी कितीतरी वर्षं मी गिअर टाकत होते. हे सांगितलं की आमच्या हॉस्पिटलातल्या नव्या पोरी हसतात. त्यांना वाटतं, सिस्टर थापा मारताहेत. हसू देत. पवनानगरहून लोणावळ्याला येणाऱ्या पहाटेच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून ज्यांनी रोजचा प्रवास केलाय, त्यांना विचारा म्हणावं.

त्या जीपमध्ये पुढं पाच जण बसायचे. एक ड्रायव्हरच्या उजवीकडं, अर्धा दाराबाहेर. मग ड्रायव्हर, तोही तिरका. त्याच्या डावीकडं आम्ही तिघं. एवढ्या दाटीत ड्रायव्हरचा डावा हात अंगाशी असा आवळला जायचा की गिअरच्या दांड्यापर्यंत धड पोचायचाच नाही. म्हणून दांड्याला खेटून जो बसेल त्यानं गिअर टाकायचा, असा तिथला रिवाजच होता. ती जागा माझी. मी नर्स, सातची ड्यूटी, रोजची गिऱ्हाईक, त्यात बाईमाणूस. मागं दांडीला लोंबकळत येणं काही मला शक्य नव्हतं. पुढची जागा मिळाली आणि जागेबरोबर कामही मिळालं.

जीप चालवणाऱ्यांना सगळं खोरं भाऊ म्हणायचं. भाऊ पायानं क्लच दाबायचे आणि नाकातल्या नाकात म्हणायचे, "हं." की मी पहिला काढून दुसरा टाकायचा. पुन्हा "हं", की तिसरा. दुधिवऱ्याच्या खिंडीचा चढ लागला की पुन्हा "हं", आणि तिसऱ्यावरून खाली दुसरा. कुठला टाकायचा ते त्यांनी सुरुवातीला सांगितलं असेल. पुढं इंजिनाच्या आवाजावरूनच मला कळायला लागलं. तोंडानं मी मागच्या बाईशी वांग्याच्या भाजीचं बोलतेय आणि हात आपला दुसरा टाकून मोकळा. भाऊ लोकांना सांगायचे, "शिस्टरच्या हाताला कान हायेत." मला त्याचा भारी अभिमान होता. होता म्हणजे काय, अजून आहे.

भाऊंची स्वतःची एक बढाई होती. "दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत आपला डोळा लागत न्हाई. जन्मात लागला न्हाई." ती खरीच होती. गावची बस जेजुरीला गेली तेव्हा परतीच्या वाटेवर सगळी बस घोरत होती आणि भाऊ ड्रायव्हरच्या मागं टक्क जागे बसून जमिनीवर पाय दाबत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग भाऊंचा डावा गुडघा गेला. नेमका क्लचचा. आमच्याच हॉस्पिटलात फोटो काढला आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता जीप बंद. भाऊंनी जीप कामशेतच्या एकाला विकली. पहाटेची फेरी थांबली. त्यानंतरची एसटी मला आठच्या पुढं लोणावळ्यात सोडायची. सातच्या ड्यूटीला आठ वाजता आलेली नर्स कोण चालवून घेईल?

आमच्या मेट्रनबाई मनानं वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तुम्हाला जनरल शिफ्ट देते. नंतर सकाळची घ्यावीच लागेल. क्वार्टरमध्ये राहायला या, नाहीतर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते ऐकायचंही नव्हतं.

घरी आमचे हे म्हणाले, "मग घे ना क्वार्टर. रविवारी येत जा." हे नवलाख उंबऱ्याला कंपनीत आहेत, कंपनीची बस दारातून नेते आणि दारात सोडते, त्यामुळं यांना सगळं सोपं वाटतं. माझं डोकंच फिरलं. दोघांनी मिळून वीट वीट जमवून बांधलेलं घर. मागच्या दारात बसलं की धरणाचं पाणी दिसतं. लेक दहावीला. आणि मी माझ्याच घरात रविवारची पाहुणी? नोकरी सोडावी म्हणाल तर ती मी लग्नाच्या आधीपासून करतेय, ती माझ्या अंगाचा भाग झालीय. दोन्हीतलं एकही मी सोडणार नव्हते. स्कूटी चालवून झाली होती. धुक्यात खिंडीच्या वळणावर घसरून मनगटाला प्लास्टर पडलं, तेव्हापासून तिचं नाव आमच्या घरात निघत नाही.

दारात एक गाडी मात्र होती. जुनी, छोटी, पांढरी. लग्नकार्याला उपयोगी पडेल म्हणून ह्यांनी घेतलेली आणि बाराही महिने कापडाखाली झाकून ठेवलेली. मी म्हटलं, "ही मी चालवणार."

"तू? खिंडीतून?"

"का, खिंडीत वाघ बसलाय?"

"अगं, गिअरची गाडी आहे. पुढंमागं ऑटोमॅटिक घेऊ, मग शीक."

गिअरची! मला सांगतात गिअरचं! त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्स काढलं आणि काचेवर लाल 'एल' चिकटवला. पहिल्या दिवशी हेच शिकवायला बसले. मी गाडी सुरू केली, बंद पाडली, सुरू केली, बंद पाडली. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि चालत घरी आले. दोन दिवस आम्ही लेकीमार्फत बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी भाऊंच्या ओट्यावर गेले. भाऊ पाय लांब करून बसले होते, तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, "भाऊ, मला गाडी शिकवा."

"तुमाला काय शिकवायचं, शिस्टर? निम्मी गाडी तुमाला येतीच की."

मलाही तसंच वाटत होतं. आम्ही दोघं तिथंच फसलो.

धरणाकाठी शहरातल्या पाहुण्यांसाठी तंबूवाल्यांच्या जागा आहेत. शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी चिटपाखरू नसतं. त्यातली एक जागा आमच्या चुलतदिराची. तंबू गुंडाळून ठेवलेले, मोकळं मैदान. भाऊ माझ्या जागेवर बसले, मी त्यांच्या. हे एवढंच फार विचित्र वाटत होतं. मला सारखं वाटे, आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, सरका पलीकडं.

क्लच दाबला, पहिला टाकला, गाडी दोन गचके खाऊन चालायला लागली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग इंजिन दुसरा मागायला लागलं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते. माझा हात आपोआप गेला आणि कर्रर्रर्र! दात शिवशिवले.

"आवं पाय! पाय दाबा!" भाऊ ओरडले.

"पाय तुमचा असतो, भाऊ!"

मी गाडी थांबवली, म्हणजे ती बंदच पडली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. खरंच होतं ते. इतकी वर्षं क्लच भाऊंचा आणि गिअर माझा. ज्याला काहीच येत नाही त्याचे हात-पाय बरोबरीनं शिकतात. माझा हात इंजिनाची हाक ऐकून उठायचा आणि पाय आपला स्वस्थ, कुणीतरी दुसरं दाबेल म्हणून वाट बघत बसलेला. एखाद्या दिवशी हाताला मारून मुटकून थांबवलं की मग पाय दाबला जायचा, पण हात विसरायचा. नुसता वैताग!

शिकवणारे म्हणून भाऊ अगदीच यथातथा होते, हे सांगायला पाहिजे. क्लच किती सोडायचा विचारलं की म्हणायचे, "त्ये काय सांगायचं असतंय व्हय? पायाला कळतंय."

"कुणाच्या पायाला? माझ्या नाही कळत."

"कळंल."

आणि वर एक खोड. क्लच दाबायची वेळ आली की भाऊ स्वतःचाच डावा पाय समोर दाणकन दाबायचे आणि लगेच "आई गं!" मी म्हणायची, "भाऊ, डॉक्टरांनी काय सांगितलंय? गुडघ्यावर जोर द्यायचा नाही."

"तुमी दाबत न्हाई म्हणून मला दाबाया लागतंय!"

त्या मैदानात लोखंडी पाइपांचा एक मोठा लाल बदाम उभा केलाय. त्यात बसून जोडपी फोटो काढतात. एका संध्याकाळी इंजिनानं दुसरा मागितला, माझा हात गेला, कर्रर्र झालं, मी घाबरले आणि दाबायचा तो पाय सोडून भलताच दाबला. गाडी थेट त्या बदामात. बदाम उताणा, बंपर वाकडा, आणि भाऊ गुडघा धरून कळवळताहेत. जरा वेळानं दम खाऊन म्हणाले, "चला, गाडीचं लगीन लागलं." मला हसूही येईना.

ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बंपरला हात लावला. आवाज न चढवता म्हणाले, "मेट्रनबाईंना क्वार्टरचं कळवून टाक." ओरडले असते तर मी उलटून ओरडले असते. ते शांत बोलले. मी मागच्या दारात जाऊन बसले आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं. ज्या एका गोष्टीचा मला एवढा तोरा होता, तीच नेमकी पायात पाय घालत होती. शिवाय भाऊंचा गुडघा टम्म सुजला होता, तो माझ्यामुळं.

कुकर लावला होता, शिट्ट्या व्हायच्या होत्या. मी तशीच खुर्ची ओढून स्वयंपाकघरात बसले. डाव्या पायाखाली पाट तिरका लावला आणि हातात लाटणं उभं धरलं. पाय, मग हात. पाय, मग हात. जमेना. हात पुढंच. पुन्हा केलं. पुन्हा. आणि एकदा माझ्या नकळत माझ्याच नाकातून आवाज निघाला, "हं." आणि पाय खाली गेला, मागोमाग लाटणं मागं आलं. न चुकता!

मी खुर्चीवरच टुणकन उडाले. इतकी वर्षं माझ्या हाताला सवय होती ती त्या "हं"ची. "हं" म्हणजे क्लच दाबलेला आहे. आता भाऊ शेजारी बसून पाय दाबण्यात आणि ओरडण्यात गुंग, "हं" म्हणायला कुणीच उरलं नव्हतं. म्हणजे ते मीच म्हणायचं! कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भात लागला, मी आपली "हं" आणि लाटणं, "हं" आणि लाटणं. लेक दारात येऊन बघत उभी. "आई, तुला बरं वाटतंय ना?"

दुसऱ्या दिवशी भाऊंना दटावून सांगितलं, "पाय सरळ ठेवायचे आणि एक शब्द बोलायचा नाही." इंजिनानं दुसरा मागितला. मी म्हटलं, "हं." पाय गेला, हात गेला, दुसरा असा पडला की जणू आमच्या जुन्या जीपमध्येच बसलोय. भाऊंनी चमकून माझ्याकडं बघितलं. "आँ! ह्ये कवा शिकला?"

"तुमच्याकडूनच!"

मग काय, "हं"चा नुसता सपाटा. मैदान झालं, गावातला रस्ता झाला, ठाकूरसाईपर्यंत जाऊन आलो. हे म्हणायला लागले, "झोपेतसुद्धा गिअर टाकतेस तू." टाकत असेन. टेस्टच्या दिवशी आरटीओचे साहेब शेजारी बसले होते. दोन गिअर झाल्यावर म्हणाले, "मॅडम, काही म्हणालात का?" मी म्हटलं, "नाही साहेब, खोकला आहे." पास झाले. पण खिंडीचा चढ ह्यांनी मला एकटीला करू दिला नव्हता आणि भाऊंबरोबर केला तेव्हा रस्ता नशिबानं रिकामा होता. चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. ती येणार, हे मला ठाऊक होतं.

दिवाळी संपली आणि सकाळच्या ड्यूटीचा पहिला सोमवार आला. ह्यांची अट होती, पहिल्या दिवशी भाऊ बरोबर पाहिजेत. पहाटे अंधारातच हे बाहेर आले, ओल्या फडक्यानं पुढची काच पुसली आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर." स्टँडवर जीपचे एक जुने गिऱ्हाईक थंडीत उभे होते. मी गाडी थांबवली, "चला, येताय?" त्यांनी वाकून आत बघितलं, स्टिअरिंगवर मी. "न्हाई, न्हाई, आमी यष्टीनं येतो सावकाश." भाऊ मफलरमध्ये हसले. माझा पारा तिथंच निम्मा चढला.

सोमवारी पहाटे तंबूतली पाहुणेमंडळी पुण्या-मुंबईची हापिसं गाठायला निघतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. खिंडीच्या चढाला पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि धुकं. सगळ्यात उभ्या वळणावर पुढची गाडी एकाएकी थांबली. दारं उघडली, चौघं तरुण उतरले आणि धुक्यातल्या धरणाचे फोटो काढायला लागले. वळणावर! मी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. मागं एक भलीमोठी गाडी अगदी शेपटीला नाक लावून उभी, आणि तिचा हॉर्न.

माझी पाचावर धारण बसली. सुरू केली, क्लच भसकन सुटला, बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद, आणि गाडी हातभर मागं घसरली. हॉर्नवर हॉर्न. मला क्वार्टरची खोली दिसायला लागली, एक कॉट आणि एक खिडकी. तेवढ्यात मागच्या गाडीतला माणूस उतरून माझ्या काचेशी आला. "मॅडम, उतरा तुम्ही. मी काढून देतो."

आणि त्याच क्षणी भाऊंचा हात गिअरच्या दांड्यावर आला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पेशंटच्या नातेवाइकांना वॉर्डातून बाहेर काढताना मी जो आवाज लावते, तो लावला. "आधी तुमच्या गाडीत जाऊन बसा, आणि ती चार हात मागं घ्या!" माणूस गुमान गेला. गाडी मागं गेली. मग मी भाऊंकडं न बघता म्हटलं, "भाऊ, हात काढा."

भाऊंनी हात काढला आणि मांडीखाली दाबून बसले.

मी म्हटलं, "हं." पाय दाबला, पहिला टाकला. उजवा पाय ब्रेकवर. मग डावा पाय हळू, हळू, अगदी बाळाच्या अंगावरून दुलई काढतात तसा वर घेतला. इंजिनाचा आवाज जड झाला. बॉनेट जरासं उचललं. स्टिअरिंगमध्ये थरथर आली, आणि पायाला कळलं. खरोखर कळलं हो! ब्रेक सोडला, तर गाडी त्या चढावर जागच्या जागी, ना पुढं ना मागं. तिला तिथं मी धरून ठेवली होती, माझ्या एका पायानं. गरज नसताना जरा जास्तच वेळ धरली, सांगून टाकते. मग रेस दिली, हॉर्नवर हात ठेवला, ते फोटोवाले उड्या मारून बाजूला झाले आणि मी त्यांच्या गाडीला वळसा घालून निघाले. "हं", दुसरा. खिंड पार! वर चांगलं उजाडलं होतं. मी स्टिअरिंगवर थाप मारून ओरडले, "भाऊ! बघितलंत का, भाऊ?"

"बघितलं. रेटा आता, ड्यूटी हाय."

सात वाजायला अजून अवकाश होता. मेट्रनबाई दारातच भेटल्या. खांद्यावरची बॅग बघून म्हणाल्या, "क्वार्टरचं सामान आणलंत?"

"नाही. डबा आहे."

"मग कोण सोडून गेलं?"

"कुणी नाही. गाडी आणलीय मी." त्यांनी दारातूनच वाकून वाकड्या बंपरकडं बघितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचीच लावू ना मग?" मी म्हटलं, लावा. ह्यांना फोन केला तर पलीकडून आधी नुसता मोठा श्वास ऐकू आला आणि मग, "बंपर नवा टाकू."

दुपारी सुटले तर भाऊ गाडीला टेकून उभे. मला वाटलं होतं, कधीच गेले असतील. "एसटीनं नाही गेलात?"

"म्हटलं, उतार कसा करताय बघावं."

"बसा. पण हात आपल्या मांडीवर."

"व्हय, व्हय, शिस्टर."

भांगरवाडी मागं पडली. भाऊ थोडा वेळ बोलत होते, जीपचं, गुडघ्याचं, कामशेतचा तो माणूस गाडी नीट ठेवत नाही त्याचं. मग गप्प झाले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय आणि भाऊ मुद्दाम बोलत नाहीत. खिंड आली. खाली धरणाचं पाणी, उतार समोर. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडं पाहिलं.

भाऊंचं डोकं काचेला टेकलं होतं. मफलर नाकावर आला होता. हात मांडीवर उताणे. आणि भाऊ चक्क घोरत होते.

इंजिन खालचा गिअर मागायला लागलं. माझ्या ओठांवर "हं" आलं होतं, ते मी तसंच आत दाबलं, म्हटलं जागे होतील. तोवर पाय गेला होता आणि हातही. दुसरा पडला. जराही आवाज झाला नाही, आणि भाऊ घोरतच होते.